फ्लेम टेस्ट किट (८ बाटल्यांचं): सात लेबलं खरी, एक खोटं

पाचपैकी तीन स्टार देतेय, आणि त्यातला एक तर नुसत्या निळ्या काचेला आहे. ऑनलाईन ८४९ रुपयांना घेतलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण अशी किटं दहा जण विकतात आणि खोकं बघून तरी सगळी एकाच घरातली वाटतात, त्यामुळे कुठलंही घेणार असाल तरी खालचं वाचा.

घ्यायचं कारण म्हणजे भाचा. दहावी देऊन सुट्टीला आमच्याकडे साताऱ्याला आलाय, अकरावीला सायन्स घ्यायचंय, आणि दिवसभर मोबाईल. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री, पुढे बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, म्हणलं चला याला ज्योतीचे रंग दाखवू, म्हणजे वेगवेगळे क्षार ज्योतीत धरले की येतात ते, बघून तरी पोरगं खूश होईल. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, भाच्याला लाल-हिरव्याचा गोंधळ होतो, रंगांधळेपण म्हणतात ते, म्हणजे पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो त्याला हात लावून कळतो. ऑर्डर करताना हे माझ्या डोक्यातच नाही आलं. रंगांचं किट मागवलं आणि मग कपाळावर हात मारला.

खोक्यात काय आहे तर दहा-दहा ग्रॅमच्या आठ बाटल्या, सोडियम क्लोराईड, पोटॅशियम क्लोराईड, लिथियम क्लोराईड, कॅल्शियम क्लोराईड, स्ट्रॉन्शियम क्लोराईड, बेरियम क्लोराईड, कॉपर सल्फेट आणि बोरिक ॲसिड. शिवाय दोन नायक्रोमच्या तारा, एक काचेचा स्पिरिट दिवा, दोन वॉच ग्लास, निळ्या काचेचा तुकडा आणि बारा पानांची पुस्तिका. पॅकिंग चांगलं होतं, काही फुटलं नाही.

आता हिशोब करा. सोडियम क्लोराईड म्हणजे मीठ, ते घरात आहे. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद, द्राक्षबागवाल्यांना विचारा, बोर्डो मिश्रणासाठी किलोने आणतात. बोरिक ॲसिड मेडिकलमध्ये मिळतं आणि कॅरमवर टाकायची पावडर पण बहुतेक वेळा तीच असते. म्हणजे आठातल्या तीन बाटल्या फुकटच्या भरतीच्या. खरे पैसे आपण देतो ते लिथियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियमचे. आणि त्यातल्याच एकात घोळ निघाला, तो पुढे येतोच.

पहिली संध्याकाळ पूर्ण फुकट गेली. पुस्तिकेत लिहिलंय की तार क्षारात बुडवा आणि ज्योतीत धरा. धरली. पिवळी. पोटॅशियमची धरली, पिवळी. बेरियम, पिवळी. आठ बाटल्या आणि आठही पिवळ्या, भाचा म्हणतो मावशी यात मला रंग दिसत नाहीत का तुलाही दिसत नाहीत?

दोष तारेचा. म्हणजे तारेवरच्या सोडियमचा. कॉलेजात आम्ही प्लॅटिनमची तार कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून परत परत तापवायचो, ज्योतीला कसलाच रंग येईना झाला की मगच क्षार लावायचा. किटमध्ये ॲसिड नाही, बरोबरच आहे, कुरिअरने ॲसिड पाठवूही नये, पण मग पुस्तिकेत तार स्वच्छ कशी करायची याचा एक तरी शब्द हवा की नको? सोडियम हा असा आगाऊ गडी आहे की कणभर असला तरी सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. बोटाचा घाम लागला तरी पुरतो. १८६० च्या सुमाराला जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहॉफ या शास्त्रज्ञांच्या जोडीने खोलीच्या एका कोपऱ्यात ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधाच्या साखरेबरोबर उडवलं आणि लांबच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावलेल्या ज्योतीच्या स्पेक्ट्रममध्ये (म्हणजे प्रकाश फोडून बघितला की दिसणाऱ्या रंगपट्टीत) काही मिनिटांनी सोडियमची पिवळी रेघ उमटली, त्यांच्या हिशोबाने मिलिग्रॅमच्या ३० लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम त्यांना असं दिसत होतं. आपण मात्र तार हातात धरून, घाम पुसून, वर दिव्याची वात पण बोटांनीच वळलेली. मग पिवळं नाही तर काय येणार. स्वयंपाकघरात वरणाचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅस भगवा-पिवळा होतो ना, तेच हे.

दुसऱ्या दिवशी तार ठेवून दिली. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं पाकीट आणलं, मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणलं, आठ छोट्या वाट्यांत प्रत्येक क्षाराचं पाणी केलं आणि प्रत्येकात काड्या रात्रभर भिजत ठेवल्या, प्लॅस्टिकचे हातमोजे घालून. स्पिरिटचा दिवा पण बाद, त्याची ज्योत मुळातच वरून पिवळट. साडेतीनशेला छोटा ब्युटेनचा टॉर्च मिळतो, स्वच्छ निळी ज्योत, तो घेतला. म्हणजे किट पडलं बाराशेला. पण त्या रात्री गच्चीवर दिवे घालवून काड्या ज्योतीत धरल्या आणि मग मात्र पैसे वसूल.

बेरियमचा रंग पोपटी, कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखा, मधेच लखलख करतो. कॅल्शियम विटकरी, नीट बघितलं तर कडेला थोडा हिरवट पण वाटतो. बोरिक हिरवं, पण बेरियमपेक्षा चमकदार, आणि काडीला दोन थेंब स्पिरिट लावलं तर अजून छान. मोरचूद नुसतं हिरवं येतं, पण त्यात चिमूटभर नवसागर घातला (कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच, अमोनियम क्लोराईड) की ज्योत एकदम निळी! कारण तांब्याला क्लोरीनची जोड मिळाली की निळा रंग पडतो. फटाकेवाल्यांना चांगला निळा जमवणं सगळ्यात अवघड जातं ते यामुळेच, उष्णता जास्त झाली तर ती जोडी तुटते आणि निळा फिका पडतो. हिरव्या फटाक्यात जे बेरियम असायचं त्याच्यावर सुप्रीम कोर्टाने २०१८ ला बंदी घातली ते आठवत असेलच. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

पुस्तिकेबद्दल बोलायचं तर ती फेकून द्या. इंग्रजी आणि मोडकंतोडकं हिंदी, आणि सुरुवातीलाच "धातू जळतो तेव्हा रंग दिसतो" असं छापलंय. धातू जळत बिळत नाही हो. ज्योतीच्या उष्णतेने धातूच्या अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो आणि खाली येताना तेवढी ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो, आणि या पायऱ्यांची उंची प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी, म्हणून रंग वेगळा. सोडियमची ती उडी म्हणजे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा. साधारण २००० केल्विनच्या ज्योतीत लाखात एखादाच सोडियमचा अणू असा वर चढलेला असतो, आणि तेवढ्यातच हा झगमगाट. मॅग्नेशियम, झिंक यांना ज्योतीत रंग का नाही, तर त्यांच्या मुख्य उड्या इतक्या उंच की प्रकाश अल्ट्राव्हायोलेटमध्ये जातो, आपल्या डोळ्याला दिसतच नाही. आणि कॅल्शियम-स्ट्रॉन्शियमचा लाल हा बराचसा सुट्या अणूंचा नसून ज्योतीत तयार होणाऱ्या त्यांच्या संयुगांचा असतो, म्हणून तिथे एक बारीक रेघ न दिसता पट्टे दिसतात. हे पट्ट्यांचं लक्षात ठेवा.

निळ्या काचेकडे येते. ही खरी कोबाल्टची निघाली, मला वाटलं होतं रंगवलेली साधी काच असेल. पोटॅशियमचा रंग फिका जांभळा आणि त्याच्यात जरा सोडियम मिसळलं की गायब. कोबाल्टची काच पिवळा खाऊन टाकते, आणि लाल-जांभळा पुढे जाऊ देते. याचा सगळ्यात भारी प्रयोग किटमधला नाहीच, घरातला आहे. बीपीवाल्यांसाठी लो सोडियम मीठ मिळतं ना, आमच्या सासऱ्यांचं आहे, त्यात साध्या मिठाबरोबर पोटॅशियम क्लोराईड असतं. त्याची काडी धरली तर ज्योत ठार पिवळी, साध्या मिठात आणि त्यात काही फरक नाही. मग काच डोळ्यापुढे धरा, पिवळं गेलं आणि आत जांभळी ज्योत उभी. सासरे स्वतः तीन वेळा बघून गेले, म्हणाले म्हणजे दुकानदार फसवत नाही.

आणि इथे मला माझी लॅब आठवली. तेव्हा आमच्याकडे रक्तातलं सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीचा प्रकाश मोजणाऱ्या मशीनवर व्हायचं. सकाळी आल्या आल्या कॉम्प्रेसर सुरू करायचा, गॅस लावायचा, छोट्या खिडकीतून ज्योत बघत निळे सुळके नीट होईपर्यंत नॉब फिरवायचा, मग १४० सोडियम आणि ५ पोटॅशियमचं स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेलं पाणी) मशीनला ओढू द्यायचं, आकडे जुळले की पेशंटचं सीरम शंभर पट पातळ करून. आत ५८९ चा फिल्टर सोडियमला, ७६६ चा पोटॅशियमला. सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम साडेतीन ते पाच, याच्या बाहेर काही आलं की परत लावायचं आणि डॉक्टरांना फोन. गर्दीच्या वेळी सिलिंडर संपला की झालं कल्याण. आता सगळीकडे इलेक्ट्रोडची मशीनं आली, पण माती परीक्षणाच्या लॅबमध्ये पालाश (पोटॅशियमच) मोजायला फ्लेम फोटोमीटर अजून वापरात आहे. तर त्या मशीनवर कधीकधी लिथियमची पण टेस्ट यायची, मानसोपचाराच्या लिथियमच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटची, ०.६ ते १.२ च्या मधे पाहिजे. स्टँडर्ड ओढलं की खिडकीत तो किरमिजी लाल यायचा. तो डोळ्यात बसलेला आहे माझ्या.

म्हणून किटमधल्या लिथियमची काडी पेटवली तेव्हा मनात जरा खुट्ट झालं. लाल आली, छान लाल आली, पण जरा नारिंगीकडे झुकणारी. पाठोपाठ स्ट्रॉन्शियमची धरली, तीही तशीच. दोन्ही लाल येतातच म्हणा, पुस्तकात दोघांपुढे किरमिजीच लिहिलेलं असतं, आणि रात्री गच्चीवर वारा, टॉर्च हलतोय, मी पण सोडून दिलं.

पकडलं ते भाच्याने. रंगात त्याला मजा येत नव्हती म्हणून त्याला मी स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश फोडून त्यातल्या रेघा दाखवणारं साधन, करायला लावला होता. बुटांचा खोका, एका टोकाला दोन ब्लेडांच्या मधली केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला तिरका लावलेला जुन्या डीव्हीडीचा तुकडा, वरून बघायला भोक. डीव्हीडीवरच्या रेघा पाऊण मायक्रॉनच्या अंतराने असतात, त्या प्रकाश फोडतात. आतल्या कागदावर खुणा करायला एक जुना सीएफएल लावला, पाऱ्याच्या दोन रेघा मिळाल्या, हिरवी ५४६ ची आणि निळी-जांभळी ४३६ ची, आणि तिसरी खूण मिठाची, ५८९. झाली पट्टी तयार. यात रंग ओळखायची गरजच नाही, रेघ कुठे पडली एवढंच बघायचं.

त्याला तेव्हा मी फर्डिनांड राईशची गोष्ट सांगितली. जर्मनीत फ्रायबर्गला हा प्राध्यापक, याला रंग दिसत नव्हते, म्हणून १८६३ ला जस्ताच्या खनिजाचा स्पेक्ट्रम बघायला त्याने रिश्टर नावाच्या सहकाऱ्याला बसवलं, आणि रिश्टरला गडद निळी, आधी कुणी न पाहिलेली रेघ दिसली. त्या निळीवरून (इंडिगो) नवीन धातूचं नाव इंडियम. त्याच्या आधीच बुन्सेन-किर्खहॉफने असंच रेघांवरून सिझियम आणि रुबिडियम शोधलेलं, सिझियमसाठी तर ड्युर्कहाईमच्या झऱ्याचं ४० टनांहून जास्त पाणी आटवलं होतं. भाच्याला राईश आवडला, पण म्हणतो त्याने दुसऱ्याला का बसवलं, रेघ तर मलापण दिसते.

तर हा खोक्याला डोळा लावून बसलेला आणि मी काड्या धरतेय. स्ट्रॉन्शियम झालं. लिथियम धरलं. म्हणतो मावशी, तू चुकून तीच काडी परत धरलीस. मी म्हणलं नाही रे, ही लिथियमची आहे. म्हणतो छे, सेम आहे, इकडे तीन-चार पट्टे आणि तिकडे लांब एकटी निळी रेघ, ४३६ च्या खुणेच्या जरा अलीकडे. मी डोळा लावला. मला आधी नुसते लाल-नारिंगी पट्टेच दिसले, ते इतके भडक की नजर तिथेच अडकते. त्याला तो लाल मंद दिसतो म्हणून असेल, त्याची नजर सरळ निळीवर गेली. आणि निळी होतीच, ४६० च्या आसपास. ती स्ट्रॉन्शियमची रेघ, ४६०.७. साध्या ज्योतीत लिथियमचं काय दिसतं तर ६७१ ला एकच खणखणीत लाल रेघ, पट्टे नाहीत. आमच्या "लिथियम"मध्ये पट्टेच पट्टे.

काड्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सकाळी नवीन पाणी करून परत केलं. तेच. मग खात्रीसाठी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून दोन्ही बाटल्यांच्या पाण्यात टाकलं. लिथियम सल्फेट पाण्यात विरघळतं, काही व्हायला नको. स्ट्रॉन्शियम सल्फेट जवळपास विरघळत नाही. थोडा वेळ थांबलो आणि दोन्ही वाट्या दुधाळ. आणि खरं तर मला बाटली उघडतानाच कळायला हवं होतं, लिथियम क्लोराईड हवेतलं पाणी असं ओढतं की पावसाआधीच्या या दमट हवेत तासाभरात चिकट गोळा व्हायला पाहिजे, हे आपलं कोरडं ठणठणीत वाटीत पडलेलं.

कस्टमर केअरला चॅटवर फोटोसकट लिहिलं. उत्तर काय आलं असेल? "मॅडम दोन्ही बाटल्यांचा कलर रेड येतोय ना, मग प्रॉडक्ट वर्किंग आहे." मी दोनदा वाचलं. म्हणजे तुमच्या दुकानात लाल म्हणजे लाल, आत काय का असेना. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बाटल्या भरताना चूक होऊ शकते, पण लिथियम महाग आणि स्ट्रॉन्शियम स्वस्त, आणि चूक बरोब्बर त्याच बाजूला झाली. एप्समचा व्हिडिओ पाठवला, तीन दिवस मेसेज टाकत राहिले, मग कुणीतरी कळणारा माणूस भेटला असावा, नवीन बाटली आली. उघडली तर अर्धी ओलसर गठ्ठा झालेली. एवढा आनंद मला ओल्या मालाचा कधी झाला नव्हता. खोक्यात एकच रेघ, ६७१ ला, आणि ज्योतीत तो माझा जुना किरमिजी.

आता तक्रारीतली मोठी तक्रार. बेरियम क्लोराईडच्या बाटलीवर साधी धोक्याची खूण नाही, खोक्यावर मात्र "८ वर्षांपुढील मुलांसाठी". हे पाण्यात विरघळणारं बेरियम आहे, विष आहे, एखाद-दोन ग्रॅम पोटात गेलं तरी जीवावर बेतू शकतं आणि बाटलीत दहा ग्रॅम आहे, दिसायला मिठासारखंच. एक्स-रेला पाजतात ते बेरियम वेगळं, ते सल्फेट, विरघळत नाही म्हणून चालतं. घरात लहान मूल असेल तर ही बाटली कपाटात कुलपात ठेवा, वाट्या-चमचे स्वयंपाकघरातले वापरू नका, गॅसच्या शेगडीवर तर बिलकुल करू नका, उघड्यावर करा आणि धुराच्या वाऱ्याला उभं राहू नका. उरलेल्या बेरियमच्या पाण्यात आम्ही एप्समचं पाणी भरपूर ओतलं, पांढरा साका खाली बसला, म्हणजे त्याचं सल्फेट झालं. आणि स्पिरिटच्या पेटत्या दिव्यात बाटलीतून स्पिरिट ओतायचं नाही, हे पुस्तिकेत पहिल्या पानावर हवं होतं. नाहीये.

घ्यावं का? अकरावी-बारावीचं पोरगं घरात असेल आणि सोबत बसणारं कुणी मोठं असेल तर घ्या, पण तार आणि दिवा मोजू नका, काड्या आणि टॉर्चचे वेगळे पैसे धरा. नुसतं मुलांच्या हातात द्यायला घेणार असाल तर नको.

जाता जाता एक, कारण भाच्याला मी सुट्टी संपायच्या आत विजयदुर्गला न्यायचं कबूल केलंय. तिथल्या साहेबाच्या कट्ट्यावर हेलियमचा शोध लागला असं सगळे सांगतात. हेलियमची ती पिवळी रेघ १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात भारतातून दिसली हे खरं, पण ती बघणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडात बसून सूर्याचा स्पेक्ट्रम बघितला. लॉकयर विजयदुर्गला आला तो १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. रेघ ५८७.६ ची, आणि मिठाची ५८९, सुरुवातीला काहींना ती सोडियमचीच वाटली होती. आमच्या बुटांच्या खोक्यात या दोन रेघा वेगळ्या दिसणार नाहीत, भाच्याने बारीक फटीची दुसरी ब्लेडं आणून बघितली, नाहीच.

ती खोटी लिथियमची बाटली परत पाठवायला सांगितली नाही, भाच्याने मागून घेतली. लेबलावर मार्करने काट मारलीय आणि खाली नाव न लिहिता नुसत्या रेघा काढल्यात, डावीकडे चार जवळजवळ आणि उजवीकडे लांब एक. ती एक निळ्या पेनने.